‘बाई, तुम्ही पण खेळता?’

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा भरून द्यायच्या फॉर्मवर ‘छंद’ आणि ‘खेळ’ असे दोन रकाने होते. छंदापुढे मी लिहिलं, वाचन, भरतकाम, स्वयंपाक. खेळापुढे एक आडवी रेघ ओढली. ती ओढताना क्षणभरही थांबावं लागलं नाही. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या फॉर्ममध्ये डोकावले, तर तिथेही रेघच. पुढच्या बाकावर एकीनं ‘संगीतखुर्ची’ असं लिहून खोडलं होतं. आम्ही तिघी हसलो. त्या हसण्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नाही.

माझं वय बत्तीस. पदरात सहा वर्षांची मुलगी. लग्नानंतर दहा वर्षांनी सीईटी देऊन पुन्हा शिकायला आलेली. आमच्या तुकडीत निम्म्याहून अधिक बायका होत्या आणि बऱ्याचजणी माझ्यासारख्याच, घर सांभाळून शिकणाऱ्या. पुढे शिक्षिका होऊन आम्ही ज्या शेकडो मुलींसमोर उभ्या राहणार होतो, त्यांच्या पुढ्यात खेळाच्या रकान्यातली ही रेघ घेऊनच जाणार होतो. ही रेघ कशी तयार होते आणि ती पुसायची असेल तर काय करावं लागतं, याबद्दल मला या लेखात बोलायचं आहे. विषय खेळाचा वाटेल. पण मला वाटतं, तो बाईच्या वेळेचा, जागेचा आणि शरीराचा आहे.

पहिल्याच आठवड्यात शारीरिक शिक्षणाच्या मॅडमनी सांगितलं, “या वर्षात प्रत्येकीनं असा एक मैदानी खेळ शिकायचा, जो तिनं आयुष्यात कधी खेळलेला नाही. जिंकायचं नाही. शिकायचं.” वर्गात कुजबुज झाली. “नोकरी गणिताची करायची, मग धावायचं कशाला?” “घरी काय सांगू?” “पाठाच्या दिवशी साडी असते, ती बदलायची कुठे?” शेवटचा प्रश्न सगळ्यांत खरा होता. महाविद्यालयात मैदान होतं, पण मैदानाजवळ बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. मुलांनी झाडाखाली शर्ट बदलले. आम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला एकमेकींना आडोसा धरून सलवार-कमीज घातले.

सुरुवात खो-खोनं झाली. खरं तर हा आपल्या मातीतला खेळ. शाळेत मुलींचा म्हणूनच ओळखला जाणारा. तरी सहावीनंतर मी तो खेळले नव्हते. आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते, एकदा दिशा घेतली की मध्येच मागे वळायचं नाही, पाटी ओलांडायची नाही, आणि दमलीस तर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. अंगाला मात्र ठाऊक नव्हतं. मला खो मिळाला, मी उठले, धावले आणि धावताना माझा हात आपोआप कुठे गेला असेल? ओढणीकडे. समोरची मुलगी पळून गेली आणि मी ओढणी सावरत उभी. मॅडम एवढंच म्हणाल्या, “ओढणी तिकडे ठेव. इथे तुझ्याकडे बघायला कुणी नाही, सगळ्या धावतायत.”

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं मला रडू आलं. बारा-तेराव्या वर्षी छातीवर ओढणी आली तेव्हापासून मी धावलेच नव्हते. बस पकडायला, उतू जाणाऱ्या दुधाकडे, पडलेल्या मुलीकडे धावले असेन. पण नुसतं धावायचं म्हणून धावले नव्हते. कुणी ‘धावू नकोस’ असं बजावलं होतं असंही आठवत नाही. बजावायची गरजच पडली नाही. ‘आता मोठी झालीस’ या तीन शब्दांत सगळं आलं होतं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो मोठा झाला तेव्हा त्याला सायकल मिळाली. मी मोठी झाले तेव्हा माझं अंगण गेलं.

एक गोष्ट मात्र मला तिथे मैदानावरच कळली आणि ती कुठल्याही शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकातून इतकी नीट कळली नसती. न येणारी गोष्ट शिकणं म्हणजे काय, हे मी विसरले होते. घरात, स्वयंपाकात, हिशेबात, गणितात मी तरबेज. चार माणसांसमोर चुकण्याची सवय गेलेली. आता मैदानावर मी सगळ्यांसमोर चुकत होते. दिशा चुकत होते, खो न म्हणताच बसत होते, सगळ्या हसत होत्या. त्याच आठवड्यात माझा सूक्ष्म अध्यापनाचा पाठ होता. एका मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नव्हती आणि मी त्याला तिसऱ्यांदा तेच, फक्त जरा मोठ्या आवाजात, सांगत होते. अचानक मला माझे मैदानावरचे पाय आठवले. मला नियम माहीत नव्हता म्हणून मी चुकत नव्हते. भीतीनं आणि लाजेनं अंग आखडलं होतं म्हणून चुकत होते. तो मुलगाही कदाचित तसाच आखडला होता. मी गप्प बसले, त्याच्या शेजारी खाली बसले आणि काड्यांच्या जुड्या सोडून त्याच्या हातात दिल्या. शिक्षिकेनं वर्षातून एकदा तरी अगदी न येणारी गोष्ट शिकायला घ्यावी, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. नाहीतर न येणाऱ्या मुलाचं मन तिला कळत नाही.

दिवाळीनंतर डोंगर चढणाऱ्या एका मंडळाच्या मुलामुलींनी आम्हांला प्रस्तरारोहण शिकवायचं ठरवलं. नाशिकजवळचा एक कातळ, साधारण तीन मजल्यांइतका उंच. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्ट्यांचा हार्नेस, त्याला आठाच्या गाठीनं दोर. दोराचं दुसरं टोक वर खिळवलेल्या कडीतून खाली येऊन एका मैत्रिणीच्या हातात. चढणारी वर सरकली की खालचीनं दोर ओढून घ्यायचा. चढणारीचा हात सुटला तर खालचीनं तो रोखून धरायचा. म्हणजे माझा जीव माझ्या वर्गातल्या एका बाईच्या हातात. आणि ती बाई कोण, तर भाजीची जड पिशवी दिसली की ‘जरा कुणीतरी धरा हो’ म्हणणारी!

पहिल्यांदा मी बारा फूट चढले आणि तिथेच कातळाला चिकटले. वर जाता येईना, खाली बघवेना. पाय शिवणयंत्रासारखे थरथरायला लागले. मी म्हटलं, मला उतरवा. त्यांनी उतरवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ‘घाबरू नका’ असंही म्हटलं नाही. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. ती म्हणाली, “ताई, हातांनी स्वतःला वर ओढू नका. पायांवर उभ्या राहा. पाय ताकदीचे असतात, हात फक्त तोल धरायला.” दुसऱ्या रविवारी मी वर पोचले. किती वेळ लागला ते सांगत नाही, पण पोचले. खाली आल्यावर लक्षात आलं की दोर धरणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या तळहातांवर वळ उठले होते आणि ती रडत होती. “मला वाटलं नव्हतं मी कुणाला धरू शकेन,” ती म्हणाली. चढल्याचं कौतुक माझं झालं. पण त्या दिवशी जास्त काही शिकली असेल तर ती.

कड्याचं नाव निघालं की आपल्याकडे पहिली आठवते हिरकणी. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, कड्यावर बुरूज बांधला अशी कथा. लहानपणापासून आपण ती अभिमानानं ऐकतो. मीही मुलीला सांगितली आहे. पण आता मला एक प्रश्न पडतो. बाळ नसतं आणि हिरकणी नुसती मौज म्हणून कडा उतरली असती, तर बुरूज बांधला गेला असता का? बाईच्या धाडसाला आपल्याकडे मान आहे, पण ते कुणा दुसऱ्यासाठी असलं तरच. लेकरासाठी, नवऱ्यासाठी, कुळाच्या अब्रूसाठी. स्वतःसाठी केलेल्या धाडसाला शब्द आहे तो ‘थेर’.

म्हणूनच वर्षाच्या अखेरीस आम्ही कळसूबाई चढलो तेव्हा तिथली दंतकथा ऐकून मी चकित झाले. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याला अकोले तालुक्यातलं बारी गाव. कथा अशी, की कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस पाटलाकडे पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. ती चिडली आणि निघून डोंगरावर जाऊन राहिली. तोच हा डोंगर. शब्द मोडला म्हणून भांड्यांना पाठ फिरवून निघालेल्या पोरीचं नाव महाराष्ट्राच्या माथ्याला आहे! शिखरावर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते. पण शाळेच्या पुस्तकांतून, भाषणांतून आपल्याला भेटते ती हिरकणी. कळसू भेटत नाही. मला हिरकणीबद्दल तक्रार नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्या मुलींना दोघींचीही गोष्ट सांगायला हवी.

चढताना आमच्यातल्या एकीला पाळी आली. ती कानात कुजबुजली, “मी वर येऊ का? देऊळ आहे.” चर्चा सुरू झाली. वाटेत ताक विकणारी एक बाई ऐकत होती. तिनं विचारलं, “देवीला कळंना व्हय?” आणि ताकाचा पेला पुढे केला. विषय संपला. आम्ही सगळ्या वर गेलो. शेवटच्या लोखंडी शिड्यांवर माझे पाय पुन्हा थरथरले, पण आता ते थरथरणं ओळखीचं होतं.

त्या ताकवाल्या बाईबद्दल मात्र मला आणखी लिहायला हवं, नाहीतर हा लेख अर्धा खोटा ठरेल. आम्ही रिकाम्या हातांनी धापा टाकत होतो तेव्हा ती डोक्यावर पाण्याचा कॅन आणि काखेत पिशवी घेऊन आमच्या पुढे निघून गेली होती. सुट्टीच्या दिवशी अशा कितीतरी बायका तो डोंगर चढतात. पाणी, लिंबं, पिठाचे डबे वर नेतात. मी तिला विचारलं, थकायला होत नाही का? ती म्हणाली, “थकून कसं चालंल?” तिचं अंग आमच्यापेक्षा कितीतरी काटक. डोंगराची तिला भीती नाही. मग तिला खेळाची गरज नाही असं म्हणायचं का? आम्ही शहर-तालुक्याच्या बायकांनी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणून चढायचं आणि तिनं आमच्यासाठी पाणी वाहायचं?

मला वाटतं, खेळ आणि कष्ट यांतला फरक अंगाला पडणाऱ्या ताणात नाही. फरक आहे तो निवडीत. मी हवं तेव्हा थांबू शकत होते, ती थांबू शकत नव्हती. खेळ म्हणजे ज्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही असा वेळ. आणि बाईकडे नेमकी तीच गोष्ट नाही. मध्यमवर्गीय बाईकडे थोडी आहे, तीही चोरून. कष्टकरी बाईकडे जवळजवळ नाहीच. तेव्हा खेळाचा हक्क मागायचा तर नुसतं मैदान मागून भागणार नाही. नळाचं पाणी, नेमके कामाचे तास, पुरेशी मजुरी, पाळणाघर, या आपल्या जुन्याच मागण्यांमध्ये खेळाची मागणीही दडलेली आहे.

माझ्या सासूबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं. मी कातळावर जाते हे कळल्यावर त्या आधी म्हणाल्या होत्या, “डोंगर चढून काय पदक मिळणार आहे?” डबा मात्र करून द्यायच्या. एका रविवारी संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावताना त्या सहज म्हणाल्या, “मला पोहता यायचं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून बापानं शिकवलं. मग डबा सुटला. थारोळ्यावरून सूर मारायचे मी.” बारा वर्षांत मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. “मग?” मी विचारलं. “मग काय? चौदाव्या वर्षी लग्न झालं. इकडेही विहीर होती. पण ती पाणी शेंदायला.” त्यानंतर त्या कधीच पाण्यात उतरल्या नाहीत. आपण म्हणतो, बायका आता नवनवीन खेळ शिकायला लागल्या. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत ते नवीन नव्हतं. ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं.

काढून घेण्याला वेळोवेळी शास्त्राचाही आधार दिला गेला. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटर धावण्याची शर्यत झाली. धावून दमलेल्या बायका पाहून हे बायकांना झेपणारं नाही असा गवगवा झाला आणि ती शर्यत बंद केली गेली, ती थेट १९६० पर्यंत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ मध्ये. पुरुषही धावून दमतात, जमिनीवर लोळतात. त्यावरून शर्यती बंद झाल्याचं ऐकिवात नाही. त्याच १९८४ साली मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचली, तिथे पोचलेली पहिली भारतीय स्त्री. ती आपल्यासारखीच एम.ए., बी.एड. झालेली होती आणि तिनं शिक्षिकेची नोकरी धरावी अशी घरच्यांची इच्छा होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला. या साऱ्याजणींचा अभिमान आहेच. पण एक बचेंद्री वर पोचते म्हणून लाखो मुली मैदानात उतरत नाहीत. त्यासाठी शाळेत एक बाई मैदानात उतरावी लागते.

हे मला छात्रसेवाकालात, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, दिसलं. शाळेत खेळाचा तास होता, मैदानही होतं. मुलगे क्रिकेट खेळायचे आणि मैदान संपूर्ण त्यांचं. पाचवीच्या मुली कडेनं दोरीवरच्या उड्या मारायच्या. सातवी-आठवीच्या मुली पायऱ्यांवर बसून त्यांच्या वह्या सांभाळायच्या किंवा वर्ग झाडायच्या. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. माझ्यासारखंच, गरजच पडली नव्हती. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, “मुलींना आवडच नसते हो.” दुसऱ्या दिवशी मी चुन्यानं अर्ध्या मैदानावर खो-खोची पाटी आखली आणि स्वतः पाटीवर जाऊन बसले. दहा मिनिटं मी एकटीच बसले होते. मग सातवीतली एक मुलगी जवळ आली आणि तिनं विचारलं, “बाई, तुम्ही पण खेळता?”

त्या प्रश्नात केवढं आश्चर्य होतं! बाई म्हणजे खुर्ची, बाई म्हणजे छडी, बाई म्हणजे साडीची पिन. बाई खेळतात? मी म्हटलं, “शिकतेय. चुकले तर सांग.” आठवड्याभरात पाटी भरली. मुलांनी तक्रार केली की आमचं मैदान घेतलं. मी त्यांनाही खो-खोला घेतलं.

त्यातली एक मुलगी विलक्षण धावायची. हुलकावणी अशी द्यायची की तीन-तीन खो झाले तरी हाती लागत नसे. तिच्यासोबत रोज धाकटा भाऊ असायचा, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून. आम्ही त्याला खांबाशेजारी बसवायचो आणि तो खांब राखतोय असं सांगायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. आई-वडील ऊसतोडीला गेले, ती भावाला घेऊन त्यांच्यासोबत गेली. पाटीवर तिची जागा दुसरीनं घेतली. माझ्याजवळ याला उत्तर नाही. मी हे अशासाठी सांगते आहे की खेळानं आत्मविश्वास वाढतो वगैरे लिहिताना मला ती मुलगी आठवते. तिच्यात आत्मविश्वास काठोकाठ होता. तिला कमी पडलं ते वसतिगृह.

आमच्या गटाच्या बैठकीत हे सगळं बोलले तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, “अगं, मारहाणीच्या केसेस येतायत, दारूचा प्रश्न आहे, आणि तू खेळाचं काय काढलंस?” प्रश्न बरोबर आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. खेळलेली बाई मार खात नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. मार बसणं हा बाईच्या ताकदीचा प्रश्न नाही, मारणाऱ्याला आपला हक्क वाटतो त्याचा आहे. देशासाठी ऑलिंपिक पदक आणणाऱ्या कुस्तीगीर मुलीलाही २०२३ साली लैंगिक छळाची दाद मागत आपल्या सोबतिणींसह दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावं लागलं. मैदानही पुरुषप्रधान व्यवस्थेच्या बाहेर नाही. पण म्हणूनच ते सोडून देता येत नाही. बाईला तिचं शरीर ओळखीचं असतं ते कशासाठी? झाकण्यासाठी, सोसण्यासाठी, बाळंत होण्यासाठी, राबण्यासाठी. हे शरीर माझं आहे, मला यातून आनंद होतो, हे सांगणारी जागा तिच्या वाट्याला क्वचित येते. वर्षातून एकदा मंगळागौरीला येते. फुगडी, झिम्मा, पिंगा, रात्रभर. तेवढ्या एका रात्रीत बायकांच्या अंगात केवढं बळ असतं ते आपण पाहिलंय. पण तेही घराच्या आत, सवाष्णींना, श्रावणापुरतं. मला ते दिवसाढवळ्या, मोकळ्यावर, सगळ्यांना आणि वर्षभर हवं आहे.

आणि यासाठी कुणाची कृपा मागायची नाही. युनेस्कोच्या १९७८ च्या सनदेनं शारीरिक शिक्षण आणि खेळ हा सर्वांचा मूलभूत हक्क मानला. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारात खेळाची समान संधी स्पष्ट शब्दांत आहे आणि भारतानं त्या कराराला १९९३ मध्ये मान्यता दिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं म्हटलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि मैदानंही येतात. कागद आपल्या बाजूनं आहे. मैदान अजून नाही.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे जायचं ठरलं आहे. अभ्यासक्रम बदलत असतानाच मागण्या केल्या तर त्या आत शिरतात. माझ्या मते आपण एवढं तरी मागायला हवं. प्रत्येक छात्राध्यापिकेला वेळापत्रकात मैदानाचा तास, आणि तो दुसऱ्या विषयाला उसना न देणं. मैदानाजवळ कपडे बदलायची खोली, पाणी, संडास आणि पाळीच्या वेळची सोय. पाठाला साडीची सक्ती नको. खेळ शिकवणाऱ्यांत बायका हव्यात आणि तक्रार समितीची नावं भिंतीवर हवीत. गुण द्यायचेच तर नवीन काही शिकण्याला द्या, जिंकण्याला नको. अपंग मैत्रिणींनाही सोबत घेता येतील असे खेळ हवेत, कडेला बसवून गुण मोजायला लावणं नको. आणि शाळांमध्ये मैदानाचा निम्मा वेळ, निम्मी जागा मुलींची.

दुसरी मागणी आपल्या स्वतःकडे. आपल्या शिबिरांत आपण गाणी म्हणतो, गटचर्चा करतो, पोस्टर करतो. पुढच्या शिबिरात एक सकाळ खेळासाठी ठेवूया. तरुण मुलींनी खेळायचं आणि आपण बघायचं, असं नको. सगळ्यांनी उतरायचं. गुडघे दुखतात त्यांनी सावकाश, पण उतरायचं. आणि त्या वेळी मागे स्वयंपाक कोण करतंय, याचीही वाटणी आधीच करूया.

या उन्हाळ्यात माझी मुलगी पोहायला शिकते आहे. सासूबाई रोज तिच्यासोबत जातात आणि काठावर बसून तिला सूचना देतात. शिकवणाऱ्या मुलीनं त्यांना विचारलं, “आजी, तुम्ही उतरणार का?” अजून उतरल्या नाहीत. पण परवा घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, बायकांचे तास किती वाजता असतात.

तुमच्या रकान्यातली रेघ कधी ओढली गेली, कुणी ओढली, आणि तुम्ही ती पुसलीत का, हे जरूर लिहून कळवा. आपल्या आया, सासवा, आज्या काय काय खेळायच्या तेही विचारा. बऱ्याचजणींना अजून कुणी विचारलेलंच नाही.